कमरदुखी आणि बारबेल: दुखऱ्या कमरेने पुन्हा वजन उचलू लागताना

कमरेत उसण भरलेल्या माणसाला वजनांच्या बाबतीत साधारणपणे दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे बारबेलला (दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावायच्या लोखंडी दांड्याला, म्हणजेच बारला) पुन्हा हात लावू नये, आणि दुसरा म्हणजे दुखणे थांबेपर्यंत वाट पाहून मग पूर्वीच्याच वजनावर परतावे. हे सल्ले एकमेकांच्या उलट वाटले तरी दोन्हींतली उणीव एकच आहे: कमरेला आज नेमका किती भार सोसतो, हे कोणीच मोजत नाही. पहिला सल्ला मानणाऱ्याची पाठ महिनोन्महिने भाराविना राहून आणखी दुबळी होते, तर दुसरा मानणारा तीन-चार आठवड्यांच्या खंडानंतर एकदम जुन्या वजनाखाली उभा राहतो आणि पुन्हा अंथरूण धरतो. पुढे दिलेली पद्धत मोजमापावर उभी आहे. आज सोसणारा भार शोधायचा, तिथून सुरुवात करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय सांगते ते पाहून पुढचे वजन ठरवायचे, एवढेच तिचे सूत्र आहे. ज्यांनी पूर्वी काही काळ बारबेलवर व्यायाम केलेला आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ती मांडली आहे. अगदी नवख्याने हीच पद्धत जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली वापरावी.

बारला हात लावण्याआधी

काही लक्षणे असतील तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे. लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघा व गुदद्वाराच्या आसपासचा भाग बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही कमरदुखीसोबत दिसले तर तो तातडीचा प्रसंग समजावा. कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि अशा वेळी उद्याची वाट पाहणेही महागात पडते. चालताना पाऊल वर उचलता न येणे हेही असेच गंभीर लक्षण आहे. ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, नुकतीच झालेली पडझड, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडची औषधे, हाडांचा ठिसूळपणा, किंवा आडवे झाल्यावरही न थांबता रात्री वाढणारे दुखणे, या गोष्टी असतील तरी आधी तपासणी आणि मग बाकीचे.

दुखणे नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने गुडघ्याखाली उतरत असेल, सोबत मुंग्या येत असतील, तर मज्जातंतू डिवचला गेलेला असण्याची शक्यता असते. याचा अर्थ वजने कायमची बंद असा होत नाही, परंतु सुरुवात तज्ज्ञाकडून तपासून घेतल्यावरच करावी. अशा दुखण्याची दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोटरीतली कळ हळूहळू मांडीत, मग नितंबात आणि शेवटी कमरेतच गोळा होत असेल, तर कमरेचे दुखणे तात्पुरते वाढल्यासारखे वाटले तरी ते बहुधा सुधारणेचे चिन्ह असते. उलट, कंबर मोकळी वाटत असताना कळ पायाच्या बोटांकडे सरकू लागली, तर तो व्यायाम तिथेच थांबवावा.

उरलेल्यांची संख्या फार मोठी आहे. कमरदुखीच्या सुमारे ८५ ते ९० टक्के रुग्णांमध्ये दुखण्याचे मूळ म्हणून एखाद्या विशिष्ट मणक्याकडे, मणक्यांमधल्या चकतीकडे (जिला बोलीत ‘गादी’ म्हणतात) किंवा स्नायूकडे खात्रीने बोट दाखवता येत नाही. एमआरआयच्या अहवालाने अनेकजण धास्तावतात म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या चित्रणांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांची झीज दिसली होती आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. फुगलेली चकती तर विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये आढळली, तीही कोणताही त्रास नसताना. अहवालातली ‘गादी’ म्हणूनच एकट्याने काही ठरवत नाही. ती लक्षणांशी आणि तपासणीशी जुळते का, हे डॉक्टर पाहतात.

उसण भरल्यानंतरचे पहिले दिवस

पूर्वी अशा वेळी आठवडाभर सक्त विश्रांती सांगितली जात असे. १९८६ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली, तेव्हा दोनच दिवस पडून राहिलेल्या रुग्णांचे कामाचे कितीतरी कमी दिवस बुडाले आणि बाकी प्रकृतीत दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. तेव्हापासून कल चालत्याफिरत्या राहण्याकडेच वाढत गेला आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत सपाट जागी दहा-दहा मिनिटे दिवसातून अनेकदा चालावे, एकाच आसनात अर्ध्या तासाहून अधिक बसू नये आणि दुखणे कमी होईल त्या प्रमाणात चालण्याचा वेळ वाढवावा.

याच दिवसांत एक छोटी चाचणी करून ठेवावी, कारण पुढे व्यायाम निवडताना तिचा उपयोग होतो. उभे राहून, हात मांड्यांवर टेकवून, सावकाश दहा वेळा पुढे वाकावे आणि कंबर कशी वाटते ते पाहावे. थोड्या वेळाने हात कमरेवर ठेवून तसेच दहा वेळा मागे झुकावे. पुढे वाकल्याने दुखणे वाढणाऱ्याला जमिनीवरून उचलण्याचे व्यायाम सुरुवातीला जड जातील. मागे झुकल्याने वाढणाऱ्याला डोक्यावर वजन ढकलताना आणि डेडलिफ्टच्या (बार जमिनीवरून उचलून सरळ उभे राहण्याच्या व्यायामाच्या) शेवटी मागे कलताना त्रास होईल. पुष्कळांना दोन्ही बाजूंना थोडेथोडे दुखते. त्यांनी यातून फार अर्थ काढू नये.

उठल्याउठल्या कंबर अधिक अवघडलेली असते, त्याचेही कारण आहे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, माणूस सकाळी एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो आणि त्या वेळी पुढे वाकताना चकत्यांवर जास्त ताण येतो. पहाटे व्यायाम करणाऱ्यांनी म्हणून उठल्यानंतर किमान तासभर तरी जड वजन घेऊन वाकू नये.

वीस मिनिटे सलग चालता येणे, हात न टेकता खुर्चीतून उठता येणे आणि हलकी वस्तू जमिनीवरून चमक न भरता उचलता येणे, या तीन गोष्टी जमू लागल्या की बारकडे वळायला हरकत नाही. दुखणे शून्यावर येण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

दुखण्याचे मोजमाप

शून्य म्हणजे दुखणे नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मोजपट्टी मनात धरावी. व्यायाम करताना दुखणे तीनपर्यंत गेले तर चालते. चार किंवा पाच झाले तर वजन किंवा हालचालीचा पल्ला त्याच सेटमध्ये (सलग केलेल्या आवर्तनांच्या गटात) कमी करावा. त्याहून वर गेले तर तो व्यायाम त्या दिवसापुरता सोडून द्यावा. मात्र खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. व्यायामापूर्वी दुखणे दोन होते आणि चोवीस तासांनी पुन्हा दोनवर किंवा त्याखाली आले, तर भार योग्य होता; सकाळी ते चारवर असेल, तर आदल्या दिवशी कितीही छान वाटले असले तरी मात्रा जास्त झाली होती. वहीत प्रत्येक व्यायामापुढे वजन, सेट, रेप (एका सेटमधली आवर्तने) आणि हे दोन आकडे लिहावेत. हे काम कंटाळवाणे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत तेच सर्वाधिक मोलाचे आहे, कारण कमरेची आठवण फार बेभरवशाची असते.

मात्रा कमी करायची म्हणजे दर वेळी वजनच उतरवायचे असे नाही. पल्ला कमी करता येतो, म्हणजे बार जमिनीऐवजी ठोकळ्यांवरून उचलता येतो. वेग कमी करता येतो, म्हणजे खाली आणायला तीन-चार सेकंद घेतल्याने हलके वजनही पुरेसे जड होते. सेटची संख्या कमी करता येते. आणि व्यायामाचा प्रकारही बदलता येतो.

खुब्यातून वाकायला शिकणे

वाकण्याचे काम खुब्याच्या सांध्याने करायचे असते आणि त्या वेळी कंबर आपल्या नैसर्गिक बाकात जवळपास स्थिर राहायला हवी. हे शिकण्यासाठी एक सरळ काठी पुरते. काठी पाठीमागे उभी धरावी, अशी की ती डोक्याच्या मागच्या भागाला, दोन खवाट्यांच्या मधे आणि माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाला, अशा तीन ठिकाणी टेकेल. कमरेच्या खोलगट भागात काठी आणि पाठ यांच्यामध्ये तळहात जेमतेम सरकेल इतकी फट असावी. आता गुडघे किंचित सैल करून, मागची भिंत नितंबांनी शोधत असल्याप्रमाणे ते मागे ढकलावेत. मांडीमागचे स्नायू ताणले गेल्याचे जाणवू लागते. ज्या क्षणी काठी तीनपैकी एका जागेवरून सुटते किंवा कमरेजवळची फट नाहीशी होते, तिथे आपला आजचा पल्ला संपला. तेवढ्याच पल्ल्यात दहा-दहाचे तीन सेट, काही दिवस रोज, वजनाशिवाय करावेत.

येथे एक सावधगिरी सांगतो. कंबर सपाट ठेवण्याच्या नादात अनेकजण ती जोर लावून मागे वाकवतात आणि मागे झुकल्याने दुखणाऱ्यांना हाच प्रकार नडतो. शिवाय जड वजनाखाली कणा थोडासा तरी वाकतोच, अनुभवी खेळाडूंचाही. मिलिमीटरच्या हिशेबाने घाबरण्याचे कारण नाही. वजन वाढत असताना बाक एकाएकी बदलू नये, इतकेच पाहावे.

डेडलिफ्टची मांडणी

प्रमाणित मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर येतो. हलक्या वजनाने सुरुवात करताना लहान प्लेट लावल्या की बार याहून कितीतरी खाली बसतो, आणि दुखऱ्या कमरेच्या माणसाला नेमक्या हलक्या दिवशीच सर्वांत खोल वाकावे लागते. ही चूक सर्रास दिसते. लहान प्लेट असतील तर त्यांच्याखाली ठोकळे किंवा जास्तीच्या प्लेट ठेवून बार किमान प्रमाणित उंचीवर आणावा. पहिले काही आठवडे तर तो गुडघ्याच्या किंचित खाली येईल इतका उंच ठेवावा.

पावले खुब्यांइतक्या अंतरावर ठेवावीत आणि वरून पाहिल्यास बार तळपायाच्या बरोबर मध्यावर असावा, म्हणजे उभे असताना नडगी आणि बार यांत दोन-तीन सेंटिमीटरचे अंतर राहते. नितंब मागे ढकलत खाली जाऊन बार खांद्यांच्या रुंदीवर पकडावा. त्यानंतर बार न हलवता नडगी त्याला टेकेपर्यंत गुडघे पुढे आणावेत. छाती वर काढावी आणि बगलेत कागद धरून ठेवायचा असल्याप्रमाणे बगला आवळाव्यात. पोटात श्वास भरून बारला हलकेच वर ताण द्यावा. बार आणि प्लेटच्या भोकातली ढिलाई संपल्याचा बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज येण्यापूर्वी झटका मारून बार उचलणे हे कमरेत चमक भरण्याचे एक नेहमीचे निमित्त आहे. आवाज आला की पायांनी जमीन खाली ढकलावी. नितंब आणि खांदे एकाच वेगाने वर यायला हवेत. नितंब आधी वर गेले तर गुडघ्यांचे काम संपते आणि उरलेला सगळा भार पाठीवर पडतो.

बार सबंध वेळ पायांना लागून राहिला पाहिजे, या आग्रहामागे साधे गणित आहे. कण्याच्या मागचे स्नायू मणक्यांच्या सांध्यापासून अवघ्या पाच ते सहा सेंटिमीटर अंतरावरून ओढत असतात. बार शरीरापासून पाच सेंटिमीटर पुढे सरकला, तर त्या स्नायूंना जवळजवळ बारच्या वजनाइतकाच जादा जोर लावावा लागतो. ६० किलोच्या बारसाठी तो ५० ते ६० किलोच्या घरात जातो. हा जोर मणक्यांवर दाब म्हणूनच उतरतो. वजन वीस किलोंनी घटवण्यापेक्षा बार नडगीला लावून ठेवणे कित्येकदा अधिक गुणकारी ठरते ते यामुळे.

वर पोहोचल्यावर सरळ उभे राहावे, मागे झुकू नये. बार उतरवताना तो गुडघ्यांखाली जाईपर्यंत फक्त नितंब मागे न्यावेत आणि मगच गुडघे वाकवावेत. प्रत्येक रेपनंतर बार जमिनीवर पूर्ण थांबवून श्वास व पकड नव्याने घ्यावी. आपटून उसळी घेतलेल्या रेपची मांडणी बिघडलेली असते.

स्क्वॉट आणि इतर व्यायाम

स्क्वॉटमध्ये, म्हणजे पाठीवर बार घेऊन खाली बसून उठण्यात, अडचण बहुधा तळाशी असते. एका ठरावीक खोलीनंतर ओटीपोटाचे हाड आत वळते आणि कंबर गोल होते. मोबाइल कॅमेरा बाजूने खुब्याच्या उंचीवर ठेवून चित्रण करावे, ती खोली ओळखावी आणि तिच्या थोड्या वर थांबता येईल अशा उंचीची पेटी मागे ठेवून तिच्यावर हलकेच टेकत स्क्वॉट करावेत. पाठीवर बार सोसत नसेल तर डंबेल छातीशी धरून केलेला स्क्वॉट घ्यावा. त्यात धड आपोआप उभे राहते. बार ठेवायच्या चौकटीचे (रॅकचे) हूक छातीच्या मध्याच्या उंचीवर असावेत, नाहीतर बार काढताना टाचा उचलून कंबर मागे वाकवावी लागते. बार काढल्यावर दोन-तीन छोटी पावले मागे जाणे पुरेसे आहे.

वाकून केलेले रोइंग (वजन पोटाकडे ओढण्याचा व्यायाम) काही आठवडे सोडून द्यावे आणि छाती बाकावर टेकवून तोच व्यायाम करावा, कारण पाठीला तितका वेळ वाकून स्थिर राहण्याचा ताण तेव्हा नको असतो. ओव्हरहेड प्रेस (डोक्यावर वजन ढकलण्याचा व्यायाम) करताना नितंब घट्ट आवळून ठेवावेत. पोट आणि बाजूच्या स्नायूंसाठी साधा प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणे), साइड प्लँक (तेच एका कुशीवर) आणि चार पायांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करण्याचा व्यायाम, इतके आठवड्यातून तीनदा पुरते.

बारखाली डोळ्यांत तेल घालून जपणारा माणूस व्यायाम संपल्यावर वीस किलोची प्लेट सर्वांत खालच्या खुंटीवरून एका हाताने, कंबर पिळत ओढतो, हे कोणत्याही जिममध्ये पाहायला मिळते. प्लेट लावणे-काढणे हाही सेटचाच भाग समजावा.

श्वास आणि बेल्ट

उचलण्यापूर्वी छाती न फुगवता पोट आणि कमरेच्या दोन्ही बाजू फुगतील असा श्वास घ्यावा, कोणी पोटात गुद्दा मारणार असल्यासारखे पोट कडक करावे आणि रेपचा अवघड भाग संपेपर्यंत श्वास रोखावा. पोटातला हा दाब कण्याला पुढून आधार देतो. श्वास रोखल्याने रक्तदाब काही क्षण बराच चढतो, त्यामुळे उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे करावे; एरवी हलके वजन घेऊन जोर लावताना श्वास सोडत राहावे.

वजन उचलण्याचा दहा सेंटिमीटर रुंदीचा बेल्ट पोटाला दाबण्यासाठी एक भिंत देतो, म्हणून तो श्वासाची पद्धत जमल्यावर जड सेटपुरता वापरावा. दिवसभर घातलेला कमरेचा पट्टा ही वेगळी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कमरदुखीबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यायामाची शिफारस आहे आणि असे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत असे म्हटले आहे.

बारा आठवड्यांचा एक नमुना

दुखण्यापूर्वी १०० किलोच्या पाच रेप डेडलिफ्ट करणारा माणूस उदाहरणादाखल घेऊ. पहिल्या दोन आठवड्यांत बार गुडघ्याखालच्या उंचीवर ठेवून ४० किलोने आठ-आठ रेपचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, उतरवायला तीन सेकंद. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठोकळे कमी करून बार नडगीच्या मध्यावर आणावा आणि वजन ५० किलो करावे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वजन ५० किलोच ठेवून बार जमिनीवरून उचलावा, सहा-सहाचे तीन सेट; पल्ला जमिनीपर्यंत वाढत असताना वजनही वाढवू नये म्हणून इथे वजन मुद्दाम थांबवले आहे. सातव्या आठवड्यात ५५, आठव्यात ६०, नवव्यात पुन्हा ५० किलोवर हलका आठवडा, दहाव्यात ६५, अकराव्यात ७० आणि बाराव्यात ७५ किलो, या टप्प्यात पाच-पाचचे तीन सेट. प्रत्येक सेटच्या शेवटी अजून दोन-तीन रेप निघाल्या असत्या असे वाटले पाहिजे.

हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. सकाळचा आकडा वाढलेला दिसला तर तोच आठवडा पुन्हा करावा. सुरुवातीच्या ४० किलोलाच दुखणे पाचवर जात असेल तर रिकाम्या २० किलोच्या बारवर यावे, त्यात कमीपणा मानू नये. आणि सगळे सुरळीत चालले म्हणून आठवडे गाळू नयेत. स्नायू लवकर सावरतात, तर स्नायूबंध आणि चकत्यांना भाराची सवय व्हायला कितीतरी अधिक काळ लागतो.

मध्येच पुन्हा उसण भरली तर

असे होण्याची शक्यता बरीच आहे आणि त्यामुळे सगळे मुसळ केरात गेले असे होत नाही. त्या दिवशी व्यायाम थांबवून चालावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वर दिलेली धोक्याची लक्षणे नसतील तर, शेवटच्या वजनाच्या निम्म्याने आणि अर्ध्या पल्ल्याने पुन्हा सुरुवात करावी. कंबर साथ देत असेल तर दर खेपेला दहा टक्क्यांनी चढत जावे. मग वही उघडून मागचे दोन आठवडे तपासावेत. बहुतेक वेळा कारण एखाद्या वाकड्या रेपपेक्षा साध्या गोष्टीत सापडते: एकाच आठवड्यात वजन, सेट आणि दिवस असे तिन्ही वाढवलेले असतात, किंवा चार रात्री अपुरी झोप झालेली असते, किंवा दिवसभराच्या प्रवासानंतर थेट जड डेडलिफ्ट केलेली असते.

सहा आठवडे नोंदी नीट ठेवूनही आकडे खाली येत नसतील, किंवा कळ पायात उतरू लागली असेल, तर वही सोबत घेऊन फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. कोणत्या वजनाला, कोणत्या पल्ल्यात आणि किती तासांनी दुखते, हे लिहिलेले असले की त्यांचेही काम सोपे होते. एका रेपच्या कमाल वजनाचा प्रयत्न मात्र जुन्या वजनाच्या पाच रेप किमान महिनाभर दुखण्याशिवाय निघाल्यानंतरच करावा, आणि ज्याला स्पर्धेत उतरायचे नाही त्याने तो केलाच नाही तरी ताकद वाढायची काही थांबत नाही.